ही दोघं बोलतात कुठे? शहरातली कथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

माझी पहिली शहरी कथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी परत पाठवली. सोबत पत्र नव्हतं. तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं : "ही दोघं बोलतात कुठे?" कथेतलं जोडपं चाळीतलं. घरात सासू, सासरे, दीर, नणंद. आणि मी त्या दोघांना मध्यरात्री दोन पानं भांडायला लावलं होतं. मनात साठलेलं सगळं मोठ्यानं, पूर्ण वाक्यांत. दहा बाय सोळाच्या खोलीत, आणखी चार माणसं शेजारी झोपलेली असताना.

तो प्रश्न मला चांगलाच लागला. त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला मी तो विचारत आले आहे.

मराठीत 'अडचण' हा फार कामाचा शब्द आहे. घरात सामान वाढलं की अडचण होते. महिनाअखेरीला पैशाची अडचण असते. जुन्या बायका पाळीलाही अडचणच म्हणायच्या. शहरातल्या एका खोलीत या तिन्ही अडचणी एकाच रात्री एकत्र येऊ शकतात, आणि गोष्ट तिथेच सुरू होते. नव्या लेखकांच्या कथा वाचताना मला शहराचं वर्णन भरपूर मिळतं. पाऊस मिळतो, गर्दी मिळते, दिवे मिळतात. शहर कुणाला कुठे अडवतं ते मात्र मिळत नाही. ते कसं शोधायचं, हे मी इथे पायरीपायरीनं सांगते. उदाहरणं मुंबईची आहेत, कारण मी तिथलीच. पुणं, नागपूर, नाशिक, पिंपरी-चिंचवड इथल्यांनी आपापलं शहर त्या जागी घालून बघावं.

पहिली पायरी : पत्ता लिहा

"मुंबईत राहणारा एक तरुण" असं लिहिलंत, तर तुम्ही अजून काहीच लिहिलेलं नाही. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर आहे. त्या रेषेवर प्रत्येक स्टेशनला तरुण वेगळा होतो, आणि एकाच स्टेशनच्या पूर्वेचा आणि पश्चिमेचाही वेगळा असतो. म्हणून कथेच्या आधी वहीत पूर्ण पत्ता लिहा. खोली क्रमांक, मजला, इमारतीचं नाव, गल्ली, स्टेशन, पूर्व की पश्चिम. लिफ्ट आहे का? स्टेशनपासून चालत किती मिनिटं, की शेअर रिक्षा? दारावरच्या पाटीवर नाव कुणाचं?

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : जागा कुणाच्या नावावर आहे? मुंबईत माणसं घर घेत नाहीत, जागा घेतात. "जागा घेतली का?" असंच विचारतात. ही जागा मालकीची आहे, अकरा महिन्यांच्या कराराची आहे, की पागडीची? पागडी म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाडेकरू राहायला येतो, पुढे भाडं अगदी किरकोळ, आणि जागा दुसऱ्याला देताना मालकाला त्याचा वाटा द्यावा लागतो. वडील गेल्यावर भाडेपावती कुणाच्या नावावर करायची? आईला सांभाळणाऱ्या धाकट्याच्या, की ठाण्यात फ्लॅट घेऊनही रेशनकार्डावरचं नाव न काढलेल्या मोठ्याच्या? एवढ्यावर एक पूर्ण कथा उभी राहते, आणि तिला खलनायक लागत नाही.

भाड्यानं घर शोधणारं पात्र असेल तर आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नका. दलाल आधी डिपॉझिट सांगतो आणि मग सहज विचारल्यासारखं आडनाव विचारतो. त्यानंतर "नॉनव्हेज खाता का?" शहरात जात कुणी विचारत नाही असं लिहिणारी पुष्कळ हस्तलिखितं मी वाचली आहेत. ज्यांना भाड्याचं घर सहज मिळालं, त्यांनीच ती लिहिलेली असतात.

दुसरी पायरी : खोली खडूनं आखा

ही पायरी करायला लावल्याशिवाय मी कुणाची दुसरी कथा वाचत नाही.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. आता गच्चीवर किंवा अंगणात खडूनं दहा बाय सोळा फुटांचा चौकोन आखा. एका कोपऱ्यात मोरी काढा. तिच्या शेजारी ओटा. गोदरेजचं कपाट, लोखंडी खाट, देव्हारा, टीव्ही, पिठाचा डबा. वर पोटमाळा असेल तर त्याची शिडीही जागा खाते, ती काढा. उरलेल्या जागेत माणसं झोपवा. खाटेवर सासरे. खाटेखाली अर्धी आत, अर्धी बाहेर नणंद. मोरीच्या बाजूला सासूबाई, कारण त्यांना रात्री उठावं लागतं. कपाटाच्या आडोशाला नवराबायको. दीर बाहेर पॅसेजमध्ये.

चित्र पूर्ण झालं की संपादकांचा प्रश्न विचारा. ही दोघं बोलतात कुठे?

माझ्या पहिल्या खर्ड्यात नायिका मध्यरात्री म्हणत होती, "तुम्हाला माझ्या मनाचा कधी विचार करावासा वाटला का?" त्या खोलीत हे वाक्य कुणी उच्चारूच शकत नाही. खडूचा चौकोन आखल्यावर तो प्रसंग मी पुन्हा लिहिला. तो असा झाला :

सव्वाचारला पाणी आलं. तिनं मोरीत हंडा लावला. रिकाम्या हंड्यात धार पडली तसा आवाज खोलीभर झाला. तो उठून शेजारी येऊन बसला.
"बदलापूरला विचारलंत?"
"विचारलं. पन्नास डिपॉझिट."
"आणि भाडं?"
हंडा अर्धा भरला तसा आवाज बसत गेला. दोघंही थांबली. तिनं हंडा सरकवून रिकामी कळशी लावली.
"भाडं किती?"
सासूबाईंनी कूस बदलली. त्यानं एक हात पूर्ण उघडला, दुसऱ्याची दोन बोटं वर केली. तिनं मान हलवली आणि तिसरं भांडं जवळ ओढलं.

या प्रसंगात मी खोलीचं वर्णन कुठेच केलेलं नाही. भांडं रिकामं आहे तोवर बोलता येतं, भरत आलं की गप्प बसावं लागतं. त्या घरात किती भांडी आहेत यावर नवराबायकोचं बोलणं किती लांबेल ते ठरतं. शहर असं अडवायला लागलं की संवाद आपोआप तुटक होतात आणि पात्रं हुशार होतात. तुम्ही त्यांच्यासाठी वाक्यं सजवत बसायची गरज उरत नाही.

आता यातल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास चाललाय. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतात, आणि वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चाव्या वाटल्या गेल्या. तीन पिढ्या कुजबुजत जगलेल्या घराला पहिल्यांदाच बंद होणारं बेडरूमचं दार मिळालं, की काय होतं? पॅसेजमध्ये झोपायची सवय झालेला दीर नव्या घरात कुठे झोपतो? मला या प्रश्नांवर कुणीतरी मन लावून लिहिलेलं वाचायचंय.

तिसरी पायरी : पात्राचं वेळापत्रक करा

गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातल्या एकाच खोलीत एका गावचे वीस-वीस पुरुष राहायचे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. त्यांचा दिवस भोंग्यावर चालायचा. आज भोंगा गेला आणि लोकल राहिली.

लोकलबद्दल लिहिताना "खचाखच भरलेली" हा शब्द वापरायचा नाही, असा मी स्वतःला नियम घालून घेतला आहे. गर्दी सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही गर्दीतले कायदे लिहा. गाडीला रोजची माणसं नाव ठेवत नाहीत, वेळ ठेवतात : "आठ सतराची". डोंबिवलीहून निघणारी बाई बसायला मिळावं म्हणून आधी उलटी कल्याणला जाते, म्हणजे पंचवीसेक मिनिटांची झोप देऊन बसायची जागा विकत घेते. तिघांच्या बाकावर चौथी जण टेकते, तिला चौथी सीट म्हणतात. लेडीज डब्यात चढल्या चढल्या बसलेल्या प्रत्येकीला विचारायचं, "कुठे उतरणार?" जिनं "दादर" म्हटलं तिची जागा बोलून ठेवायची, आणि मग दादरपर्यंत त्या बाईवर नजर.

या एका प्रश्नात केवढी गोष्ट आहे बघा. वर्षभर ठाण्याला उतरणारी बाई एक दिवस "घाटकोपर" म्हणते. रोजच्या बायका एकमेकींकडे बघतात. नोकरी बदलली? की घर? विचारायचं कुणी? दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्याच बायका डबा सजवतात, पूजा करतात, पेढे वाटतात. वर्षभर जिच्या खांद्याला खांदा लावून प्रवास केला तिचं आडनाव माहीत नसतं, पण तिच्या मुलाचे दहावीचे मार्क माहीत असतात. मी बारा वर्षं त्या डब्यात होते आणि नात्याची अशी जात मला दुसरीकडे कुठे भेटली नाही.

तर पात्राचं एका दिवसाचं वेळापत्रक करा. पाणी किती वाजता येतं, गाडी कोणती, डबा कोण भरतं, परत यायला किती वाजतात. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या रद्द होतात, हेही लक्षात असू द्या. मग त्या वेळापत्रकातली एकच गोष्ट मोडा. पाणी आलं नाही. आठ सतरा रद्द झाली. कथानक शोधायचा यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही.

चौथी पायरी : महिन्याचा हिशेब

इथे फार बोलण्यासारखं काही नाही, पण करायला चुकू नका. पात्राला हातात किती मिळतात, हप्ता किती, गावाला किती जातात, भिशी किती. एक पान पुरतं. भिशीकडे मात्र नीट बघा. बारा बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी उडवतात, आणि जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम मिळते. कागद नाही, सही नाही. नवऱ्याला माहीत नसलेले पैसे हाताशी असणारी बाई आणि पहिल्याच महिन्यात भिशी लागून तिसऱ्या महिन्यात घर सोडून गेलेली बाई, दोघी एकाच मजल्यावर राहू शकतात.

पाचवी पायरी : कोण कुणाला काय म्हणतं

मुंबईत दोन मराठी माणसं टॅक्सीत हिंदीत बोलायला सुरुवात करतात. दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन वाजतो, तो "हां आई, बोल" म्हणतो, आणि मागे बसलेला माणूस पुढे सरकून विचारतो, "कुठले तुम्ही?" हे प्रत्येकानं अनुभवलेलं असतं, पण कथांमध्ये फार थोड्यांच्या येतं. आपण शहरात भाषा बदलत चालतो. घरात मालवणी किंवा साताऱ्याकडची, ऑफिसात प्रमाण मराठी आणि इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन भाषा घाला. तो कुठे कोणत्या भाषेत शिरतो यावरून तो कुणाला दबून आहे ते कळतं.

संबोधनं ऐकून लिहा. घरकाम करणारी बाई एका घरी "काकू" म्हणते, वरच्या मजल्यावर "ताई", त्याच्याही वर "मॅडम". ती घरंही तिला वेगवेगळ्या नावानं हाक मारतात : मावशी, सुनीता, बाई. नवी आलेली सून सासूला पहिल्या आठवड्यात काहीच हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. चाळीत वयानं मोठा पण नात्याचा नसलेला प्रत्येक पुरुष "काका" किंवा "दादा" असतो, आणि ज्या दिवशी कुणी त्याला नुसतं नावानं बोलावतं त्या दिवशी काहीतरी बिनसलेलं असतं.

बोली लिहिताना प्रत्येक शब्द मोडू नका, वाचक दमतो. एखादं क्रियापद, एखादा हेल पुरतो. आणि शहरानं स्वतः घडवलेली वाक्यं जशीच्या तशी घ्या. "आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली." "गाडी दोन नंबरला लागलीय." "त्याचं कॉलेजला असताना एकीशी होतं." इंग्रजी शब्द आला म्हणून दचकू नका. पात्र "पुनर्विकास" म्हणत नसेल तर तुम्हीही त्याच्या तोंडी घालू नका. तुमच्या निवेदनात मात्र तुमची मराठी असू द्या.

सहावी पायरी : बाहेर पडा

पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. भाऊच्या धक्क्यावर बोटी लागायच्या वेळी जा. तहसील कार्यालयाच्या बाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलाजवळ तासभर बसा. फोटो काढू नका. फोटो काढला की आपण बघायचं थांबवतो, आणि माणसंही सावध होतात. वहीत फक्त तीन गोष्टी टिपा : ऐकलेला नवा शब्द, एखाद्या वस्तूचा भाव, आणि कुणी कुणाला दिलेलं उत्तर. कुणाची खरी कहाणी वापरणार असाल तर नाव, गाव, धंदा इतका बदला की त्याच्या घरच्यांनाही ओळखू येऊ नये. विश्वासानं सांगितलेलं असेल तर त्याला विचारा. नाही म्हणाला तर सोडून द्या.

घरबसल्या मिळणारी खाणही आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात जाहीर नोटिसा येतात. "तमाम जनतेस कळविण्यात येते की" अशी सुरुवात, आणि पुढे मयत सभासदाचं भागप्रमाणपत्र, तीन वारस, चौथ्याचा ठावठिकाणा नाही, चौदा दिवसांत हरकत घ्यावी. मी नवोदितांना सांगते, महिनाभर रोज एक नोटीस कापून वहीत चिकटवा आणि खाली पाच ओळी लिहा : हरकत घ्यायला कोण येईल? सोसायटीच्या सूचना फलकाकडेही असंच बघा. "गच्चीच्या चावीसाठी सेक्रेटरींकडे संपर्क साधावा" या एका ओळीमागे कधीतरी काहीतरी घडलेलं असतं.

सातवी पायरी : सालं तपासा

शहर भराभर बदलतं आणि वाचकाला ते तारखेनिशी आठवतं. कथा ज्या वर्षात घडते त्या वर्षाची छोटी यादी करा. मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्या घरांमध्ये फोन नव्हते, निरोप माणसांबरोबर जायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ ची, एसी लोकल २०१७ च्या डिसेंबरची. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला साठीतलं पात्र आजही व्हीटीच म्हणेल, वीस वर्षांची मुलगी सीएसएमटी म्हणेल. दोघं एकाच प्रसंगात असतील तर दोन्ही शब्द येऊ द्या.

संपावर किंवा पुरावर लिहिणाऱ्यांना एक विनंती. मोठी घटना कथेच्या मध्यभागी ठेवू नका. संपाच्या आठव्या महिन्यात ज्या घरातली बाई पोळ्या लाटून द्यायला लागली, त्या घरात संध्याकाळी नवरा चुलीजवळ बसतो की बाहेर, ते लिहा.

आठवी पायरी : कापा

पहिला खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि मग मोठ्यानं वाचा. पहिलं पान बहुतेक कापता येतं. खिडकी, पाऊस आणि वाफाळता चहा तिथेच असतात. "स्वप्ननगरी", "मायानगरी", "कधीही न झोपणारं शहर", "मुंबईचं स्पिरिट" दिसलं की काढा. गाव चांगलं आणि शहर वाईट, किंवा चाळीत माया होती आणि फ्लॅटमध्ये दारं बंद, असा सूर लागला असेल तर थांबा. चाळीतल्या कितीतरी बायका त्या बंद दारासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवत होत्या. उरलेल्या प्रत्येक प्रसंगाला विचारा : हाच प्रसंग दुसऱ्या कुठल्याही शहरात जसाच्या तसा घडला असता का? घडला असता, तर तुमच्या पत्त्याचा त्यात काही उपयोग झालेला नाही.

नववी पायरी : पाठवा

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, आणि नव्या कथाकाराला आजही तिथेच मोठा वाचक मिळतो. अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे कथा मे-जूनपर्यंत हातात तयार हवी. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते. युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडताना अक्षरं तुटत नाहीत. ज्या अंकाला पाठवणार त्याचे मागचे दोन अंक वाचा, ते कथेला किती जागा देतात ते मोजा. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ सांगू नका. नाव, पत्ता, शब्दसंख्या आणि कथा अप्रकाशित आहे एवढं पुरे.

उत्तर यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर तोच खडूचा चौकोन पुन्हा आखा, पण या वेळी भिंतीच्या पलीकडचा. पहाटे सव्वाचारला शेजारच्या मोरीत तीन भांडी एकामागून एक लागताना रोज ऐकणारी एक म्हातारी तिथे राहते. तिला सगळं माहीत आहे.